दाजींच्या काळजाचा फोटो

जगातली एखादी वस्तू बंद असावी आणि आपल्याला तिच्या आतलं दिसू नये, हा आमच्या दाजींना स्वतःचा अपमान वाटे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. तिसगावच्या शिवारात त्यांची वस्ती होती. थोडी कोरडवाहू जमीन, एक विहीर, दोन बैल आणि एक पान्हा एवढा त्यांचा संसार. पान्हा मी मुद्दाम बैलांच्या पंगतीला बसवला, कारण बैल संध्याकाळी सुटत, पान्हा कधीच सुटत नसे. तो दाजींच्या बंडीच्या खिशात असे. पूजेला बसतानाही तो बाहेर काढायचं त्यांच्या जिवावर येई. लग्नात आम्ही त्यांना मनगटी घड्याळ दिलं होतं. वऱ्हाड अजून पंगतीतच होतं, आणि नवरदेव जानवशाच्या मागच्या ओसरीवर ते घड्याळ उघडून बसलेले. मुंडावळ्या मध्ये येत होत्या म्हणून त्या कानामागे खोचलेल्या. माझे वडील घाबरून धावत गेले. म्हणाले, "जावईबापू, काय झालं? बंद पडलं की काय?" दाजी मान वर न करता म्हणाले, "न्हाई मामा, झ्याक चाललंय. म्हनून तर बगतोय, का चाललंय ते." त्यानंतर ते घड्याळ दाजी एकटे असले की चाले आणि कुणी वेळ विचारली की थांबे.

दाजींना दुरुस्ती येत होती असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. दुरुस्ती हा त्यांचा हेतूच नसे. त्यांना फक्त आत बघायचं असे. उघडलेली वस्तू ते मोठ्या निष्ठेने पुन्हा जोडत, पण जोडल्यावर एखादा स्क्रू, एखादी चकती उरायचीच. मग ती तळहातावर घेऊन सांगत, "कंपनीवाले येक जादाच घालत्यात. हरपला तर आसावा म्हनून." अक्काकडे डालड्याचा एक डबा अशा जादा मालाने भरला होता. बाजारच्या दिवशी दाजी लांबून दिसले की कलिंगडवाला ढिगावर पोतं टाकी. जेवायला बसले की करंजी आधी मोडून तिच्यात सारण टोकापर्यंत गेलंय का ते बघत, आणि नसलं तर तसं यजमानिणीला सांगत. एकदा नगरला येताना करंजी गावाजवळच्या घाटात एस.टी. तापली. सगळे उतारू सावली शोधत गेले, दाजी बॉनेटकडे गेले. ड्रायव्हर पाणी घेऊन परत येईपर्यंत त्यांनी तिथे काय केलं कोण जाणे, पण पुढे बरेच दिवस त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर दाजी गाडीत असले की तापलेली गाडीसुद्धा थांबवत नसत.

माणसाचं शरीर मात्र त्यांना दाद देत नव्हतं. शेजारच्या पोराने एकदा शर्टाचं बटण गिळलं. त्याची आई रडतेय, आजी नवस बोलतेय, आणि दाजी त्या पोराला अंधाऱ्या कोठीत नेऊन त्याच्या उघड्या पोटाला बॅटरी टेकवून बसलेले. बराच वेळ या बाजूने, त्या बाजूने उजेड मारून झाल्यावर ते बाहेर आले आणि खिन्नपणे म्हणाले, "दिसलं आसतं. पर कातडं आडवं येतंय."

तर असे हे दाजी. ते दुष्काळाचे दिवस होते. विहिरींचे तळ दिसत होते आणि गावोगाव सरकारी कामं निघाली होती. तिसगावच्या बाजूला पाझर तलावाचं काम चालू होतं, आणि दाजी तिथे मुकादम होते. माणसं खडी फोडत, पाट्या वाहत, आणि दाजी दिवसभर त्या बांधावर वरखाली करत. कुणी बसलेला दिसला की त्यांना राहवत नसे. दमणं ही गोष्ट त्यांना मान्यच नव्हती. बैल बसला तर तो नाटकी, गडी बसला तर तो कामचुकार, आणि अक्का कधी टेकली तर, "का गं, पायाला काय झालं?" एवढीच त्यांची विचारपूस. मग त्या कामावर तापाची साथ आली. दोन-तीन दिवस हुडहुडी, नाक गळतंय, अंग कांडल्यासारखं दुखतंय, आणि मग माणूस उठून पुन्हा पाटीला हात घालतोय. इतर लोक निदान ते दोन-तीन दिवस घोंगडी पांघरून पडले. दाजींनी सगळा ताप उभ्याने काढला. "ताप मानसाला येतो, मुकादमाला न्हाई," असं म्हणत ते अंगात ताप असताना बांध चढले.

ताप गेला, पण दाजी परत आले नाहीत. म्हणजे आले, पण निम्मेच. बांधाच्या अर्ध्यावर थांबून ते उगाच क्षितिजाकडे बघायला लागले. लोकांना वाटलं, मुकादम पावसाचा अंदाज घेतायत. खरं तर त्यांना श्वास पुरत नव्हता. मग निजताना उशाला धान्याचं पोतं लागायला लागलं. अक्काला म्हणत, "आडवं झालं का छातीवर कोनतरी येऊन बसतंय, उठून बसलं का जातंय." त्यात पायांवर सूज आली. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. दाजींना आनंद झाला. ओसरीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला घोटा दाखवत. "हितं बोट दाबा. आता काडा. बगा, खळगा तसाच ऱ्हातोय का न्हाई? आदी आसं व्हत न्हव्हतं!" अक्काने तो खळगा पाहिला आणि कुणाला न विचारता त्यांचं धोतर-बंडी पिशवीत भरली. गावच्या डॉक्टरांनी दाजींच्या छातीला नळी लावली, आणि लावल्यावर बराच वेळ काढलीच नाही. मग एवढंच म्हणाले, "आजच्या आज नगरला जा. छातीचा फोटो काढायला लागेल."

मी तेव्हा नगरला एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि माळीवाड्याजवळ एक खोली घेऊन राहत होतो. दुपारी शाळेतून आलो, तर दाराशी दाजी उभे. ओठ निळसर, चेहरा उतरलेला, आणि हातात माझ्या दाराचं कुलूप. अक्का मागे जिन्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "मास्तर," दाजी धापा टाकत म्हणाले, "ह्ये कुलूप काय कामाचं न्हाई. नुस्तं वडलं का निघतंय." मी त्यांना आत नेऊन तक्क्याला टेकवून बसवलं. अक्का माझ्याकडे बघून हलकेच म्हणाली, "घाटात गाडी तापली तर ते खाली उतरले न्हाईत रं. बसून ऱ्हायले." तिच्या आवाजावरून मला कळलं की पाणी कुठवर आलंय.

ज्या डॉक्टरांकडे गेलो ते पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा लावणारे आणि कमी बोलणारे होते. अशा माणसाच्या वाट्याला दाजी यावेत हा त्याच्या नशिबाचा भाग. आधी त्यांनी दाजींच्या हातापायांना तारा लावून एका यंत्रातून रेघोट्यांची पट्टी काढली. दाजी ती पट्टी निरखत म्हणाले, "ह्ये आवाजाचं चित्र हाय व्हय?" मग फोटोची खोली. फोटो म्हटल्यावर दाजींनी मिशीवर हात फिरवला होता, पण त्यांना बंडी काढून एका थंड पत्र्याला छाती टेकायला सांगितली आणि कॅमेरा पाठीमागे लावला, तेव्हा ते म्हणाले, "आवो, म्होरून काडा की! पाठीवरनं मला कोन वळखनार?"

फिल्म वाळून आली. डॉक्टरांनी ती दिव्याच्या पेटीवर लावली आणि आम्हाला आत बोलावलं. काळ्या फिल्मवर पांढऱ्या बरगड्या, आणि त्यांच्या मधोमध एक मोठा पांढुरका गोळा. दाजी खुर्चीवरून उठून त्या पेटीपर्यंत गेले, नाक टेकेल इतके जवळ, आणि तसेच उभे राहिले.

"ह्ये मी हाय?"

"तुम्हीच," डॉक्टर म्हणाले.

"आन ह्ये कातडं न काडता?"

"न काढता."

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जसं काही एवढी वर्षं ही गोष्ट मी त्यांच्यापासून लपवून ठेवली होती.

डॉक्टरांनी पेन्सिलीने दाखवलं. "हे हृदय. हे एवढ्यात मावायला पाहिजे. तुमचं बघा, पार या बरगडीपर्यंत पसरलंय."

"मोठं झालंय म्हना की," दाजी जरा खुशीत म्हणाले. "आमच्या घरान्यात समद्यांचंच काळीज मोठं."

"हे तसलं मोठं नाही. हे सुजलंय." डॉक्टर त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "तुमच्याकडे तापाची साथ आली होती ना? त्या तापाचा जो जंतू असतो, त्याला व्हायरस म्हणतात. ताप तर उतरतो, पण हा एखाद्याच्या हृदयाच्या स्नायूला दुखवून जातो. मग स्नायू ढिला पडतो, आणि हृदय पसरतं."

"वायरस?" दाजींनी विचार केला. "आमच्या वस्तीवर आजून लाइट आली न्हाई. तर मग ह्यो कंच्या वायरीतनं आला?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुढे ते हसू आलं की चष्मा पुसतात हे माझ्या लक्षात आलं. ते म्हणाले, "आता एक बघायचंय. हृदयाच्या भोवती पाणी साचलंय, का स्नायूच कमजोर झालाय, ते या फोटोत कळत नाही. ते हलताना बघायला पाहिजे. शेजारच्या खोलीत पडद्यावर दिसतं."

"हलताना?" दाजींचा आवाजच बदलला. "जित्तं? धडधड करताना?"

"हो."

"मग मलाबी बगायचं."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ते शक्य नाही. पेशंट पडद्याच्या मागे उभा असतो, चित्र पुढच्या बाजूला उमटतं, ते फक्त डॉक्टरांना दिसतं. दाजींनी ऐकून घेतलं, खोलीत नजर फिरवली, आणि हात धुवायच्या भांड्यावर टांगलेला आरसा त्यांना दिसला.

"त्यो धरला तर?"

"अहो, ही काय जत्रा आहे?" डॉक्टर म्हणाले.

"डाक्टरसायेब," दाजी हात जोडून म्हणाले, आणि त्यांना धाप लागली होती म्हणून ते वाक्य त्यांनी दोनदा थांबून पुरं केलं, "आवो, इंजन माजं. बिगाडलंय माजं. दुसऱ्याचं आसतं तर मी इचारलं नसतं. आन मलाच दावायचं न्हाई?"

डॉक्टरांनी पुन्हा चष्मा पुसला आणि आरसा खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिला.

त्या खोलीत मिट्ट काळोख होता. डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून आम्हाला बराच वेळ तसंच बसवून ठेवलं. डॉक्टरांनी मला एक शिशाचा जड कोट घातला. दाजींनी अंधारातच तो चाचपला आणि विचारलं, "आत काय भरलंय ह्येच्या?" मग यंत्र गुणगुणायला लागलं. पडद्यावर हिरवट, धुक्यासारखा उजेड आला. मी डॉक्टरांच्या शेजारी आरसा धरून उभा राहिलो आणि दाजी पडद्याच्या वरून मान काढून आरशात बघायला लागले. मलाही ते दिसलं. मी चित्रकलेचा मास्तर, पण ते मला आजही काढता येणार नाही. धुक्यात एखादं मोठं जनावर बसलं असावं आणि त्याची कूस मंदपणे वरखाली होत असावी, तसं काहीतरी. धडधड वगैरे काही नव्हती. नुसतं थरथरल्यासारखं हलायचं, थांबल्यासारखं व्हायचं, आणि पुन्हा हलायचं.

दाजी आता काहीतरी बोलतील, म्हणून मी वाट बघत होतो. ते बोलले नाहीत. डॉक्टर बाजूला सरकून त्यांना म्हणाले, "पाणी नाही. स्नायूच थकलाय." मग त्या काळोखातून त्यांचा आवाज आला. इतका हळू, की तो त्यांचा आहे हे मला क्षणभर कळलं नाही.

"लई दमलंय वं."

कुणाला 'दमलं' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःहून डॉक्टरांना विचारलं, "मी काय करू?" डॉक्टर म्हणाले, "काही करू नका. तेच तुमचं औषध. दोन-तीन महिने अंथरूण सोडायचं नाही. मीठ बंद. गोळ्या वेळेवर. मग पुन्हा फोटो काढू आणि बघू, मागे हटतंय का." अक्काने दारातून विचारलं, "न्हाई हटलं तर?" डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि खरं तेच सांगितलं. "बहुतेकांचं हटतं, बाई. काहींचं नाही हटत. आराम केला नाही, तर नक्की नाही."

मला वाटलं, दाजी आठ दिवसांत बाज मोडून तिच्या आत सुंभ कसा विणलाय ते बघतील. पण मी पुढच्या सुट्टीत वस्तीवर गेलो, तर दाजी खरोखरच ओसरीवर बाजेवर पडून होते. अर्थात पडून राहण्याचीही त्यांनी एक संस्था केली होती. डॉक्टरांकडून मागून आणलेला फोटो त्यांनी खिडकीच्या गजांना सुतळीने बांधला होता. सकाळचं ऊन मागून आलं की दाजींच्या बरगड्या साऱ्या ओसरीला दिसत. भेटायला आलेल्या माणसाला आधी तो फोटो बघायला लागे, मग चहा मिळे. माझ्या डोळ्यांदेखत एका म्हाताऱ्याने त्या फोटोला नमस्कार केला. दुसऱ्या एकाने विचारलं, "ह्यात तुमी कोनते?" दाजींनी त्या हृदयाला आता स्वतंत्र माणसाचा दर्जा दिला होता. त्याला ते 'आतला गडी' म्हणत. "आज आतला गडी बरा हाय." "हळू बोला, आतल्या गड्याचा डोळा लागलाय." शेजारणीने कुणाच्या नकळत उडदाचा पापड आणून दिला, तर दाजी त्याच्याकडे बघत आवंढा गिळून म्हणाले, "मला चालंल गं. पर त्येला न्हाई चालायचा." नगर जिल्ह्यातला माणूस ठेच्याशिवाय भाकरी खातोय हेच एक आश्चर्य होतं. पहिल्या दिवशी ते अळणी कालवण तोंडात घालून दाजी म्हणाले होते, "ह्ये शिजवलंय का नुस्तं धुतलंय?" पण त्यानंतर तक्रार नाही. अक्का म्हणाली, "मी बी तसलंच खाते. येकाच ताटात दोन चवी कशाला?"

माझं येणं दाजींच्या दृष्टीने सरकारी काम होतं. त्यांनी मला ओसरीच्या भिंतीवर कोळशाने तो पडद्यावरचा देखावा काढायला लावला. मी तीनदा काढला. एकदा ते म्हणाले, "हा भोपळा झाला." दुसऱ्यांदा म्हणाले, "ही अक्काची घागर झाली." तिसऱ्यांदा बराच वेळ बघून म्हणाले, "दिसायला तसंच हाय. पर ह्ये हलत न्हाई." त्याला माझ्याकडे इलाज नव्हता.

सगळं असं सुरळीत चाललं असताना एक दिवस शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं. त्या पंचक्रोशीत पाणी टिकून असलेली ती एकच विहीर, आणि त्या इंजिनावर चार वस्त्या पाणी पीत होत्या. तालुक्याहून फिटर यायला दोन दिवस लागणार होते. चौघे जण दाजींकडे आले. दाजींना येत काही नाही हे त्यांना माहीत होतं, पण पाण्यासाठी माणूस कशालाही हात घालतो. अक्का शेरडांना पाला आणायला गेली होती, आणि मी गावात टपालाला. दाजींनी डॉक्टरांचा हुकूम आठवला. अंथरूण सोडायचं नाही, असं ते म्हणाले होते. अंथरूण जागेवरून हलवायचं नाही, असं कुठे म्हणाले होते? त्यांनी चौघांना सांगितलं, "बाज उचला."

मी परत येत होतो तेव्हा मला समोरून ती मिरवणूक दिसली. चार खांद्यांवर बाज, बाजेवर पांढरं पांघरूण घेतलेले, उन्हासाठी तोंडावर उपरणं टाकलेले दाजी, आणि मागे दहापंधरा माणसं मान खाली घालून. रस्त्याकडेच्या खोपटातून एक म्हातारी बाहेर आली, तिने ते दृश्य पाहिलं आणि कपाळावर हात मारून गळा काढला, "गेला गं बया! सोन्यासारखा मानूस गेला! काल तर पापड मागत हुता!" तसं बाजेवरचं उपरणं बाजूला झालं आणि दाजी कोपरावर उठून ओरडले, "मावशे, हाय मी! आन पापड मी न्हाई मागितला, शेजारनीनं आनला हुता!" म्हातारी जी मागे पडली ती थेट कडब्याच्या गंजीवर. तिला उठवायला दोघांनी बाज सोडली, उरलेल्या दोघांना ती पेलेना, आणि दाजी तिरके होऊन घसरायला लागले. मी धावत जाऊन बाजेचा एक खूर धरला.

एवढ्यात अक्का आली. डोक्यावरचा पाल्याचा भारा तिने जागीच टाकला. मला वाटलं, आता ती त्या चौघांची खरडपट्टी काढणार. तिने कुणाला एक शब्दही विचारला नाही. ती चालत पुढे आली आणि रस्त्याच्या मधोमध, त्या फुफाट्यात, मांडी घालून बसली. पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मी तिला आमचे वडील गेले तेव्हाही चारचौघांत रडताना पाहिलं नव्हतं. चौघांनी बाज हळूच खाली ठेवली, त्यामुळे दाजी आणि ती समोरासमोर आले.

"आगं, पान्याचं काम हाय," दाजी म्हणाले. "इंजन हाय. उलीसं बगून येतो."

"इंजनाला फिटर येतोय," अक्का पदराआडून म्हणाली. "दोन दिस मी आनीन पानी. समद्यांचं आनीन. तुमाला कोन फिटर हाय?"

दाजी तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी खिशातला पान्हा काढला, शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाज माघारी फिरवा." आणि मग, तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "ऊठ आता. फुफाट्यात बसू नको."

फिटर दुसऱ्याच दिवशी आला. इंजिनात काही बिघडलं नव्हतं, तेलात कचरा होता. दाजींनी हात लावला असता तर चार वस्त्यांचं काय झालं असतं, याचा विचार पुढे बराच काळ लोक करत आणि अक्काला दुवा देत.

दुसऱ्या फोटोला मी रजा काढून बरोबर गेलो. डॉक्टरांनी दोन्ही फोटो पेटीवर शेजारीशेजारी लावले. दाजी या वेळी पेटीपर्यंत गेले नाहीत, अक्काच्या शेजारी बसून राहिले. मला दोन्ही सारखेच वाटत होते. डॉक्टरांनी पेन्सिलीने पहिल्यावर एक रेघ मारली, दुसऱ्यावर एक मारली, मागे वळले आणि चष्मा पुसायला लागले.

"मागे हटलंय," ते म्हणाले. "चांगलं हटलंय."

अक्काने डोळे मिटले. दाजींनी विचारलं, "पैल्यासारकं झालं?"

"अगदी नाही. थोडा कमजोरपणा राहील. बांध चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, मुकादमी विसरायची. पण जगायला हरकत नाही."

"मग आरशात दावा येकदा," दाजी म्हणाले.

"आता गरज नाही. ते किरण उगाच अंगावर घ्यायचे नसतात." आणि दाजींचं तोंड उतरलेलं बघून डॉक्टर एवढं बोलले, "आता ते दमलेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवा." दाजींनी ठेवला. न बघता ठेवला.

त्यानंतर दाजी बरीच वर्षं होते. बांधावर पुन्हा गेले नाहीत. जमीन वाट्याने दिली, दोन शेरडं सांभाळली, आणि गावात कुणाला साधा ताप आला तरी त्याच्या घरी जाऊन, "पड. उठू नको. मी उभ्यानं काडला, त्याचं काय झालं इचार," असं दटावून येत. अखेर म्हातारपणी ते गेले, तेव्हा झोपेत, फार त्रास न होता गेले.

गेल्या उन्हाळ्यात मी वस्तीवर गेलो होतो. अक्का आता थकली आहे. ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. गोष्टी निघता निघता दाजींच्या त्या दुखण्याच्या निघाल्या. मी तो बाजेचा प्रसंग सांगितला आणि आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसू ओसरल्यावर तिने पदराने डोळे पुसले.

"तुला येक सांगू का?" ती म्हणाली. "लगीन होऊन येवडी वर्सं झाली हुती, पर हा मानूस दिवसाउजेडी माज्याजवळ कंदी बसला न्हवता. सदा कुटंतरी पळत. त्या दुखन्यात बसले. म्हंजी पडले. मी बाजंपाशी बसून काय ना काय निवडायची आन ते इचारायचे. ल्हानपनी तू काय खेळायचीस? तुला चिचा आवडत्यात व्हय? तुजी मैतरीन कोन हुती? येवड्या वर्सांत त्यांना ठावंच न्हवतं रं, मला चिचा आवडत्यात. मी बी बोलायची. मला तरी कुटं ठावं हुतं, मला येवडं बोलाया येतं?"

तिने सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला.

"त्यांचा जीव टांगनीला लागला हुता, डाक्टर सांगत हुते वाचंल का न्हाई. आन मला मेलीला ते दिस ग्वाड वाटायचे. पुन्ना फोटू काडायची तारीक जवळ आली, तशी मी उरलेले दिस मोजाया लागले. बरं व्हावं म्हनून देवाला सांगायची, आन बरं झाल्यावर हे जातील निगून म्हनूनबी वाटायचं." तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "पाप लागलं आसंल का रं मला?"

"नाही अक्का," मी म्हणालो. "कसलं पाप?"

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढून पुन्हा डाळ निवडायला लागली. बराच वेळ ती तीच एक मूठ निवडत होती.